ओली वाळू कोणाची?

दलित साहित्याच्या समीक्षेने एक निर्णय फार पूर्वी घेतला आणि तो योग्यच होता. साहित्याचे प्रयोजन आनंद, रसिकाला ब्रह्मानंदसहोदर अनुभव लाभला की साहित्यकृती कृतार्थ झाली, ही प्रस्थापित भूमिका आपण नाकारली. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात हा नकार सविस्तर आला आहे. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याने ते दाखवावेत आणि पाहणाऱ्याला त्यातून आनंद व्हावा, ही अपेक्षाच अमानुष आहे. इथपर्यंत माझा कसलाही मतभेद नाही.

परंतु आनंद हा निकष नाकारणे वेगळे आणि आनंद हा विषय सोडून देणे वेगळे. पहिली गोष्ट विद्रोहाची आहे. दुसरी माघारीची आहे. गेली कित्येक वर्षे आपण या दोहोंत गल्लत करीत आलो आहोत असे मला वाटते. सहल, खेळ, समुद्र, चांदणे हे 'त्यांचे' विषय आणि भूक, अपमान, पाणवठा हे 'आपले' विषय, अशी वाटणी झाली. ही वाटणी कोणी केली? आपण केली असे आपल्याला वाटते. खरे तर ती गावकुसाच्या जुन्याच रेघेवर झालेली आहे. म्हणून आनंदाचे साहित्य आपण तपासले पाहिजे. ते गोड आहे की कडू हे ठरवण्यासाठी नव्हे, तर त्या आनंदाची जागा कोणाकडून रिकामी करून घेतली गेली हे पाहण्यासाठी.

या तपासणीसाठी मी मुद्दाम लांबचे उदाहरण घेतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा आणि त्यावर उभे राहिलेले सर्फिंगचे साहित्य, गाणी आणि चित्रपट. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणे हा तो खेळ. जगभरच्या तरुणांना निखळ स्वातंत्र्याचे चित्र म्हणून जे चित्र दाखवले गेले, ते बव्हंशी याच किनाऱ्याचे आहे.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. आमच्या वस्तीत पाणी म्हणजे हंडा, रांग आणि भांडण. पाण्यात खेळायचे असते ही गोष्ट मला पुस्तकांतून कळली. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने लॉस एंजेलिसला गेलो असता, तिथे स्थायिक झालेल्या एका आंबेडकरी कुटुंबाबरोबर मालिबूच्या पश्चिम टोकाला असलेल्या लिओ कॅरिलो या सरकारी उद्यानात एक रात्र तंबू ठोकून राहिलो. अरोयो सेक्विट नावाच्या ओढ्याकाठी मोठमोठ्या सिकॅमोर वृक्षांखाली तंबूंच्या जागा आखून दिलेल्या आहेत. तिथून मोठ्या रस्त्याच्या पुलाखालून चालत गेले की थेट वाळू लागते. सेक्विट पॉइंट या खडकाळ टोकापाशी सर्फर लाटेची वाट पाहत फळ्यांवर बसलेले असतात. ओहोटी लागली की खडकांत पाण्याची डबकी उघडी पडतात आणि त्यांत समुद्रफुले, शिंपले, तारामासे, दुसऱ्याच्या शंखात राहणारे खेकडे दिसू लागतात. मुले ओणवी होऊन ते पाहतात. काहीही उचलून न्यायचे नाही, हा तिथला नियम. सगळे सुंदर आहे. हे मी आढेवेढे न घेता लिहितो, कारण सौंदर्य दिसल्याची कबुली देण्यात कमीपणा आहे असे मी मानत नाही.

आता या सौंदर्याचे साहित्य काय सांगते ते पाहू.

फ्रेडरिक कोनर यांची 'गिजेट' ही कादंबरी १९५७ साली आली. लेखकाने ती आपल्या किशोरवयीन मुलीच्या अनुभवांवरून लिहिली. मालिबूच्या लाटांवर खेळणाऱ्या मुलांच्या टोळक्यात एक ठेंगणी मुलगी शिरते, टिंगल सोसते आणि शेवटी फळीवर उभी राहते. १९५९ साली तिचा चित्रपट झाला आणि त्याचे काही चित्रीकरण लिओ कॅरिलोच्या किनाऱ्यावर झाले. 'ग्रीस' (१९७८) या गाजलेल्या चित्रपटाचा आरंभीचा प्रसंगही याच वाळूवरचा. 'गिजेट'ला सरसकट उथळ म्हणून फेकून देता येणार नाही. कोनर स्वतः हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून आलेले ज्यू लेखक होते. एका निर्वासिताची मुलगी नव्या देशाच्या समुद्रात निर्धास्त पोहते, यामागे एक इतिहास आहे. शिवाय मुलांच्या राज्यात मुलीने जागा मागणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. कादंबरीची भाषा पोरवयाची आहे आणि तिच्यातला हट्ट खरा आहे.

पण त्याच मालिबूच्या पाण्यात आणखी एक जण होता, त्याचे काय? निक गॅबाल्डॉन हा तरुण १९२७ साली जन्मला. आई काळी, वडील स्पॅनिशभाषक वंशाचे. सँटा मोनिकाच्या ज्या तुकड्यावर काळे लोक जमत त्याला गोरे 'इंकवेल' म्हणजे शाईची दौत म्हणून हिणवीत. तिथेच तो जीवरक्षकांची फळी उसनी घेऊन सर्फिंग शिकला. पुढे तो मालिबूच्या लाटांसाठी सँटा मोनिकाहून सुमारे १२ मैल पाण्यातून, हातांनी फळी वल्हवीत जाई. नोंद असलेला तिथला पहिला काळा सर्फर म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. जून १९५१ मध्ये मालिबूच्या धक्क्याच्या खांबावर आदळून तो मेला. वय २४. तो कॉलेजात शिकत होता आणि कविताही लिहीत होता. मृत्यूच्या काही दिवस आधी त्याने समुद्रात हरवलेल्या जिवांवर 'लॉस्ट लाइव्ह्ज' नावाची कविता लिहिली होती.

म्हणजे पाहा. त्याच लाटांवर, 'गिजेट'च्या सहा वर्षे आधी, एक विद्यार्थी कवी मेला. त्याच्यावर त्या काळात कादंबरी आली नाही, चित्रपट निघाला नाही. सँटा मोनिका शहराने इंकवेलची आणि त्याची आठवण सांगणारा फलक बसवला तो २००८ साली. साहित्याच्या इतिहासात कोणाची लाट मोजली जाते आणि कोणाची नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? मी असे म्हणत नाही की कोनर यांनी गॅबाल्डॉनवर लिहायला हवे होते. लेखकावर विषयाची सक्ती कोणी करू नये. माझे म्हणणे समीक्षेविषयी आहे. एका गोऱ्या मुलीचा प्रवेश हाच सर्वांचा प्रवेश, असे समजून जी समीक्षा 'किनारा मोकळा झाला' म्हणते, ती वाचत नसते, विसरत असते. मराठीतही असे झाले आहे. पांढरपेशा स्त्रीचा उंबरठा ओलांडण्याचा क्षण आपल्याकडे 'भारतीय स्त्रीचा' क्षण म्हणून शिकवला जातो, आणि जिला उंबरठाच नव्हता, जी पहाटेपासून दुसऱ्याच्या शेतात होती, ती अभ्यासक्रमात येत नाही.

गाण्यांचेही तेच. बीच बॉइज या गोऱ्या गायकांचे 'सर्फिन यू.एस.ए.' (१९६३) हे या संस्कृतीचे जणू राष्ट्रगीत. त्याची चाल चक बेरी या काळ्या कलावंताच्या 'स्वीट लिटल सिक्स्टीन' (१९५८) या गाण्याची. आरंभीच्या तबकड्यांवर बेरीचे नाव नव्हते. ते पुढे आले. चाल काळ्याची, समुद्र गोऱ्याचा. तमाशाची लावणी ज्यांनी जिवंत ठेवली त्यांची नावे किती तबकड्यांवर आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

खुद्द खेळाची कथा तर याहून जुनी. सर्फिंग हवाई बेटांतले. जॅक लंडन याने १९०७ साली वायकीकीच्या लाटांवर लेख लिहून त्याला राजेशाही खेळ म्हटले. पण हवाईची राणी १८९३ सालीच पदच्युत झाली होती आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे गिळली होती. राज्य गेल्यावर खेळाला राजेशाही म्हणण्यात काही धोका उरत नाही. कोनर यांच्या कादंबरीतला टोळीप्रमुख तर स्वतःला 'काहूना' म्हणवतो. हा हवाई भाषेतला पुरोहितासाठी, जाणकारासाठी असलेला शब्द. 'मालिबू' हे नावही चुमाश या आदिवासींच्या 'हुमालिवो' या गावावरून आले. अर्थ, जिथे लाटांचा मोठा आवाज होतो. नाव ठेवले, आवाज ठेवला, माणसे हटवली.

आणि मी ज्या उद्यानात राहिलो त्याचे नाव? लिओ कॅरिलो (१८८०–१९६१) हे नट, जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन घराण्यातले. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनारे व उद्याने मंडळावर बरीच वर्षे काम केले. किनारे जनतेसाठी राखले जावेत म्हणून झटलेले गृहस्थ. पण १९४२ च्या जानेवारीत जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हलवा, अशी तार काँग्रेस सदस्याला करणारेही हेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत आदेश निघाला आणि सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. एकाच माणसाच्या मनात 'जनतेचा किनारा' आणि 'हे लोक किनाऱ्यावर नकोत' हे दोन्ही विचार सुखाने नांदले. म्हणजे 'जनता' या शब्दालाच कुंपण होते. आपल्याकडच्या किती सुधारकांच्या 'समाज' या शब्दाला असेच कुंपण होते, याचा शोध प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या ग्रंथालयात घ्यावा.

इथे मी एका सालाकडे लक्ष वेधतो. १९२७.

लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीच या गावी विला ब्रूस या काळ्या स्त्रीने १९१२ साली समुद्रालगत जागा घेतली आणि ती व तिचा पती चार्ल्स यांनी काळ्या लोकांसाठी विश्रामगृह चालवले. रविवारी माणसे कपडे बदलत, जेवत, नाचत, पाण्यात उतरत. गोऱ्या शेजाऱ्यांना ते सोसवेना. १९२४ मध्ये नगरपालिकेने बाग करण्याचे कारण सांगून जमीन सक्तीने संपादन करण्याचा ठराव केला. १९२७ पर्यंत इमारती पाडल्या गेल्या. बाग मात्र कित्येक दशके झाली नाही. त्याच १९२७ च्या उन्हाळ्यात नगरपालिकेने किनारा एका खाजगी माणसाला भाड्याने दिल्याचे दाखवले, म्हणजे काळ्यांना 'अतिक्रमण' म्हणून हटवता यावे. तेव्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे लोक ठरवून पाण्यात उतरले. तिच्या स्थानिक शाखेचे अध्यक्ष डॉ. क्लॉड हडसन यांना पोहल्याबद्दल अटक झाली. शेवटी नगरपालिकेला तो भाडेपट्टा रद्द करावा लागला. जमीन मात्र गेली ती गेलीच. 'सर्फिन यू.एस.ए.'मध्ये किनाऱ्यांच्या नावांची जी माळ आहे, तीत मॅनहॅटनही आहे. ब्रूस कुटुंबाची जमीन त्यांच्या वारसांना परत मिळाली ती २०२२ साली. पुढच्या वर्षी त्यांनी ती लॉस एंजेलिस काउंटीला सुमारे दोन कोटी डॉलरला विकली.

आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला काय झाले ते या नियतकालिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले ठराव मंजूर झालेला होता. महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे कागदोपत्री मान्य केले होते. सार्वजनिक कागदावर होते, पाणी मात्र सवर्णांचे होते. बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती तहान भागवण्यासाठी नव्हे, आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. पुढे कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. सवर्णांना जी 'प्राचीन वहिवाट' सांगायची होती, ती सिद्ध झाली नाही.

दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता असे मी म्हणत नाही. मार्चमध्ये महाड, उन्हाळ्यात मॅनहॅटन बीच, एवढेच. पण साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे नगरपालिका आहे, दोन्हीकडे 'सार्वजनिक' या शब्दाला पळवाट शोधली आहे, आणि दोन्हीकडे लढ्याचे हत्यार एकच आहे, पाण्यात उतरणे. फरकही ध्यानात घ्यावा. इथे तळे बाटले म्हणून पंचगव्याने शुद्ध केले गेले. समुद्राला गोमूत्र पुरत नाही. म्हणून तिथे वाळूवर रेघ ओढली. आपल्याकडे विटाळ पाण्यात होता, तिथे मालमत्तेच्या कागदात. जात आणि वंश एकच नव्हेत. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली, ती हे भेद पुसण्यासाठी नव्हे, तर जाब विचारणारा आणखी एक आवाज कळावा म्हणून.

आता खडकांतल्या डबक्यांकडे वळतो, कारण तिथे एक मोठी फसवणूक दडलेली आहे. जॉन स्टाइनबेकच्या 'कॅनरी रो' (१९४५) या कादंबरीत मॉन्टेरेच्या किनाऱ्यावरची अशी डबकी येतात. त्याचा मित्र एड रिकेट्स याने जॅक कॅल्विनसह 'बिटवीन पॅसिफिक टाइड्स' (१९३९) हा या जीवसृष्टीवरचा ग्रंथ लिहिला. स्टाइनबेकला डबक्यात माणसांचा समाज दिसतो. खाणारे, खाल्ले जाणारे, चिकटून राहणारे. रूपक प्रभावी आहे आणि स्टाइनबेकची सहानुभूती खालच्या माणसांकडेच आहे. पण रूपक लेखकाच्या हातून सुटले की कोणाच्याही हाती लागते. भरतीच्या खडकावर थर असतात. वरच्या कोरड्या भागात एक जीव, मध्ये दुसरा, खाली तिसरा. हे पाहून 'निसर्गातही वर्णव्यवस्था आहे, ज्याचा जसा स्वभाव तशी त्याची जागा' असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. गुणकर्माचा सिद्धान्त सांगताना मुंगी, मधमाशी, जंगल यांचे दाखले त्यांनी दिलेलेच आहेत.

विज्ञान मात्र काय सांगते? जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर एक प्रयोग केला. तो १९६१ साली प्रसिद्ध झाला. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नेकल या कवचधारी प्राण्याच्या दोन जाती. एक वर कोरड्यात राहते, दुसरी खाली ओल्यात. पाहणाऱ्याला वाटेल, पहिलीला कोरडे आवडते. पण तिची पिल्ले पाण्यातून वाहत येतात आणि खालच्या भागातही बसतात. तिथे दुसरी जात झपाट्याने वाढून त्यांना दाबते, खालून उपटते, चिरडते. कॉनेलने ही दुसरी जात काढून टाकली, तेव्हा पहिली खाली ओल्यात उत्तम जगली. म्हणजे कोरड्यात राहणे हा तिचा स्वभाव नव्हता. तिला ओल्यातून हुसकावले होते, आणि लोक त्याला स्वभाव म्हणत होते.

मी हे वर्गात सांगतो तेव्हा मुलांना आणखी स्पष्टीकरण लागत नाही. मात्र मी त्यांना बजावतो की आपणही या प्रयोगाचे रूपक करून समाजावर लादायचे नाही. खडकावर कायदा नसतो, ठराव नसतो, संघटना नसते. बार्नेकल सत्याग्रह करीत नाही. निसर्गाचा दाखला देऊन विषमता सिद्ध करता येत नाही, तसाच समतेलाही त्या दाखल्याची गरज नाही. समता माणसाने ठरवायची असते आणि अंमलात आणायची असते. मॉन्टेरेजवळच्या ज्या टोकावर आज सागरी संशोधन केंद्र उभे आहे, तिथे आधी चिनी कोळ्यांची वस्ती होती. ती १९०६ साली जळून गेली आणि तिथे पुन्हा वस्ती होऊ दिली नाही. तो थर भरती-ओहोटीने ठरवला नव्हता.

तेव्हा कॅलिफोर्नियात आज काय आहे? १८७९ च्या राज्यघटनेत पाण्यापर्यंत जाण्याचा जनतेचा हक्क आला. १९७२ साली लोकांनी मतदानाने किनारा-संरक्षणाचा कायदा करवून घेतला आणि १९७६ साली विधिमंडळाने कायमचा किनारा अधिनियम केला. सरासरी भरतीच्या रेषेखालची ओली वाळू जनतेची, हे तत्त्व आहे. तरी मालिबूतल्या धनिकांनी रस्ते अडवल्याच्या आणि खोट्या पाट्या लावल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालल्या. ओली वाळू तुमची, पण तिथपर्यंतची कोरडी वाट आमची! शिवाय लिओ कॅरिलोला यायचे तर गाडी हवी, गाडी लावायला पैसे हवेत, तंबूसाठी कित्येक महिने आधी नोंदणी हवी. हक्क आणि वाट यांतले हे अंतर महाडपासून आपल्या ओळखीचे आहे.

मुद्दा मूळ जागी आणतो. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. लाटेवर तोल सांभाळणारा सर्फर हे त्या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण म्हणून कोणी देईल, आणि ते चूक ठरणार नाही. पण लय दिसण्यापूर्वी किनाऱ्यावर पोचावे लागते, आणि पोचू देण्या-न देण्याचा प्रश्न त्या सौंदर्यशास्त्रात कुठेच येत नाही. आपले सौंदर्यशास्त्र तिथून सुरू होते. परंतु ते तिथेच संपू नये. पोचल्यावर माणूस काय करतो हेही आपण लिहिले पाहिजे.

गॅबाल्डॉन १२ मैल वल्हवीत गेला तो निषेध नोंदवण्यासाठी नव्हे. त्याला ती लाट हवी होती. ब्रूसांकडे येणारी माणसे भाषण ऐकायला येत नव्हती, ती पोहायला येत होती. आणि त्यांचे पोहणेच गोऱ्यांना सोसवले नाही. गुलामीला आपले रडणे चालते. ती त्याची व्यवस्था करून ठेवते, कधी त्याचे कौतुकही करते, पुरस्कारही देते. तिला आपले हसणे, निवांत बसणे, विनाकारण पाण्यात डुंबणे चालत नाही. म्हणून निवांतपणा हा आपल्या साहित्यात चोरट्यासारखा येता कामा नये. नव्या लेखकांनी चवदार तळ्याची ओंजळ लिहिली तशी सुट्टीच्या दिवशी चौपाटीवर भेळ खाणाऱ्या आपल्या आईबापांची संध्याकाळही लिहावी, आणि समीक्षकांनी तिला 'जाणीव बोथट झाली' असा शेरा मारू नये. ती संध्याकाळ कोणी आपल्याला दान दिलेली नाही. तिच्यासाठी माणसांनी मार खाल्ला आहे, अटक सोसली आहे. ती आपल्या साहित्यात आली नाही, तर आपल्या वतीने उद्या कोणीतरी लिहील की या लोकांना समुद्राची आवडच नव्हती, कोरड्यात राहणे हा त्यांचा स्वभावच होता.